'मिलिटरी'चं इंजिन

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी संगमनेरकडून मामेभावाचा फोन आला. फराळ, लांबलेला पाऊस, कांद्याचा भाव असं सगळं बोलून झाल्यावर तो मुद्द्यावर आला. "दादा, इंजिन मिळालंय. ओरिजनल. पण आई ऐकत नाही. तू एकदा येऊन जा."

कसलं इंजिन, हे मला विचारावं लागलं नाही. मामांच्या वाड्यामागं चिंचेखाली १९७९ पासून एक ट्रक उभा आहे. गाव त्याला ट्रक म्हणत नाही, 'मिलिटरी' म्हणतं. "मिलिटरीपाशी शेळी बांध", "पोरं मिलिटरीत खेळतायत" अशी वाक्यं मी लहानपणापासून ऐकत आलो. नवी सून गावात आली की तिला हे समजावून सांगावं लागतं.

ही गाडी शेवरलेची. जन्म कॅनडातला, ओशावा नावाच्या गावच्या कारखान्यातला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडानं आठ लाखांवर लष्करी वाहनं बनवली. त्यांतली निम्मीअधिक एकाच घाटाची होती. फोर्ड आणि शेवरले या एरवी एकमेकींच्या वैरी असलेल्या कंपन्यांनी लष्करानं ठरवून दिलेल्या नमुन्यावर, जवळजवळ एकसारख्या दिसणाऱ्या गाड्या काढल्या. बुटकं, चपटं नाक आणि पुढची काच चक्क उलटी, म्हणजे वरून पुढं आलेली आणि खाली आत गेलेली. लहानपणी मला वाटायचं, गाडीला कुणीतरी समोरून धडक दिलीय. पुढं कळलं, की आकाशातल्या विमानाला उन्हात काचेची चमक दिसू नये म्हणून ती तशी बसवलेली असते. हजारो मैलांवरच्या कुणा इंजिनिअरनं केलेला हा विचार आमच्या गावात चिमण्यांच्या कामी आला. त्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात दर वर्षी घरटं असतं.

अशा गाड्यांचे सुटे भाग खोक्यांतून आपल्याकडं येत आणि इथं जोडले जात. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून होता, फोर्डचाही मुंबईत होता. युद्ध संपलं आणि दिमापूर-कोहिमा-इंफाळच्या रस्त्यावर राबलेल्या, किंवा कुठंच न जाता डेपोत उभ्या राहिलेल्या या गाड्या सरकारनं विकायला काढल्या. 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द तेव्हापासूनचा. डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची घोंगडी, डिस्पोजलचा तंबू! आमच्या आधीच्या पिढीचा निम्मा संसार डिस्पोजलचा होता.

मामांनी ही गाडी १९५५ साली घेतली. त्यांच्या हाती आली तेव्हा ती तिसऱ्या मालकाची होती. प्रवरानगरचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. मामांचा हिशेब असा, की हंगामात ऊस वाहायचा आणि एरवी कांदा, गूळ, मुरूम, मिळेल ते. हिशेब बरोबर होता, फक्त त्यात इंजिन धरलेलं नव्हतं.

त्या इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्याचंच आहे. सहा सिलिंडर, साडेतीन लिटर, पेट्रोलवर चालणारं, पंच्याऐंशी अश्वशक्तीचं. चालताना शिवणयंत्रासारखं गोड. पण त्याच्या बेअरिंगांची जात जुनी. आजच्यासारख्या बाजारातून आणून बसवायच्या सुट्या वाट्या नव्हेत, तर व्हाइट मेटल वितळवून कनेक्टिंग रॉडमध्ये ओतायचं आणि मग हातानं घासून क्रँकच्या मापाला आणायचं. तेलाची सोयही तशीच. रॉडच्या टोकाला एक छोटी पळी, ती तेलात बुडी मारून जाता जाता तेल उडवते. सपाट रस्त्यावर, मध्यम वेगात हे उत्तम चालतं. पण उसानं लादलेली गाडी तास-अर्धा तास चढावर रडत असेल तर तेल तापून पातळ होतं, आणि व्हाइट मेटल ही बिचारी मऊ धातू. चंदनापुरी घाटात मामांची बेअरिंगं दोनदा गेली. त्यात हे इंजिन निम्मं केबिनमध्येच बसलेलं. मे महिन्यात ड्रायव्हरचा डावा पाय भाजून निघायचा. मामा ओलं पोतं गुंडाळून गाडी चालवत.

बरं, सुटे भाग आणायचे कुठून? १९५३-५४ च्या सुमारास सरकारी धोरण बदललं. इथं नुसती जुळणी नको, उत्पादन करा, असा आग्रह धरला गेला. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. त्याच १९५४ साली जमशेदपूरला टाटांचे मर्सिडीज ट्रक निघू लागले, डिझेलवर चालणारे. एका वर्षात मामांची गाडी जुनी झाली. म्हणजे मामांनी ती घ्यायच्या आधीच झाली होती, ते त्यांना नंतर कळलं.

१९६१ साली तिसऱ्यांदा बेअरिंग गेलं तेव्हा नगरच्या मिस्त्रीनं सांगितलं, "आता यात पैसे घालू नका. पर्किन्स टाका." पर्किन्स पी-सिक्स. विलायती बनावटीचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, पावणेपाच लिटरच्या आसपासचं. पेट्रोलच्या लॉऱ्यांतलं इंजिन काढून त्या जागी हे बसवायचं, हा तेव्हा जगभर चाललेला उद्योग होता. डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त. शिवाय मामा सांगत, पेट्रोलवर गाडी गॅलनला आठ-नऊ मैल जायची, ती पर्किन्सवर पंधराला गेली.

पैसे कुठून आले? मामीच्या पाटल्या विकल्या. चार होत्या, चारही गेल्या. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे आणि तिचा उच्चार कुणी करत नाही.

इंजिन बदलणं म्हणजे बल्ब बदलणं नव्हे. नव्या इंजिनाचं वजन जास्त, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवावं लागलं. ते लांबीला जास्त, म्हणून रेडिएटर पुढं सरकवला आणि केबिनचा पत्रा कापला. जुनी गाडी सहा व्होल्टची, याचा स्टार्टर बारा व्होल्टचा, म्हणून दोन बॅटऱ्या आल्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वेग. पेट्रोलचं इंजिन मोकळं पळणारं. डिझेलचा गव्हर्नर मिनिटाला चोवीसशे फेऱ्यांपाशी 'बस' म्हणतो. मागचा डिफरन्शियल तोच राहिला, म्हणजे गाडीचा कमाल वेग उतरला. त्यानंतर 'मिलिटरी' कधी ताशी तीस मैलांच्या वर गेली नाही. पण खालच्या फेऱ्यांत असं ओढायची, की घाटात नव्या गाड्यांच्या मागं हटून लागायची. त्या ओढीपायी हाफ शाफ्ट दोनदा तुटले, हेही लिहिलं पाहिजे. एका ठिकाणचं बळ वाढवलं की दुसऱ्या ठिकाणचं दुबळेपण उघडं पडतं, असं मिस्त्री म्हणायचा. तो यंत्राबद्दलच बोलत असावा.

मला आठवते ती हीच डिझेलची 'मिलिटरी'. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. मिलोची पोती आणि सुकडी घेऊन मामा दुष्काळी कामांवर जात. मी पोत्यांवर बसून जायचो. खडी फोडणाऱ्या बायका लांबून आवाज ओळखायच्या आणि हातोडे खाली ठेवायच्या. तो आवाज मी दोन कादंबऱ्यांत लिहायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा खोडला.

आता मामेभावाचं म्हणणं. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटा, शेती सांभाळतो, ट्रॅक्टरचं सगळं काम स्वतः करतो. त्याला गाडी पुन्हा उभी करायची आहे, पण कारखान्यातून निघाली तशी. लष्करी रंग, कापलेला पत्रा जोडून घेतलेला आणि आत पेट्रोलचं मूळ जातीचं इंजिन. ते त्याला एका भंगारवाल्याकडं सापडलं. "अशा किती गाड्या उरल्यात, दादा? लोकांनी कापून किलोनं विकल्या. जी उरली ती तरी खरी दिसू दे. उद्या पोरं विचारतील, युद्धातली गाडी कशी होती, तर काय दाखवायचं? पर्किन्स?"

हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मी त्या निमित्तानं बरंच वाचलं. हा वाद जगभर आहे. अमेरिकेत साठच्या दशकाअखेरीचा कैसर-जीपचा लष्करी ट्रक ज्यांच्याकडं असतो, ते मूळ इंजिन काढून त्यात कमिन्सचं चार सिलिंडरचं डिझेल टाकतात. ही इंजिनं येतात कुठून, तर पाव पोचवणाऱ्या जुन्या गाड्यांतून! समोरून युद्धगाडी आणि आत पाववाला. असल्या गाडीनं हमरस्त्यानं जाता येतं, घाट चढता येतो, बायकामुलं बसतात. दुसरा पंथ कर्मठांचा. यांना स्क्रूसुद्धा त्या सालचा लागतो. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर २०२४ साली ऐंशीव्या स्मरणदिनाला जुन्या लष्करी गाड्यांचे तांडेच्या तांडे आले होते. त्यांत हे दोन्ही पंथ शेजारी शेजारी उभे असणार आणि एकमेकांच्या बॉनेटखाली डोकावून नाकं मुरडत असणार, याबद्दल मला शंका नाही.

कर्मठांच्या बाजूचा एक मुद्दा मला फार पटतो. इंजिन ही वस्तू नव्हे, ती एक रीत आहे. व्हाइट मेटल ओतायची कला, पळीनं तेल उडवण्याची युक्ती, हँडल मारताना अंगठा बाहेर ठेवायची खबरदारी, हे सारं त्या इंजिनाबरोबर जिवंत राहतं. ते गेलं की नुसतं टरफल राहतं. नगरच्या, म्हणजे आता अहिल्यानगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये १९९४ पासून जुने रणगाडे मांडलेले आहेत. मी तिथं अनेकदा गेलो. पोलाद बघायला मिळतं. पण बघताना सारखं वाटत राहतं, की याचा आवाज कसा असेल?

पण याच पंथाची पंचाईत अशी, की 'मूळ' इंजिन म्हणजे कुठलं? लष्करानं स्वतः कधी हा सोवळेपणा पाळला नाही. युद्धात इंजिन बिघडलं की ते काढून मागं वर्कशॉपला जायचं, आणि दुसऱ्या कुणाचं तरी दुरुस्त होऊन आलेलं इंजिन त्या गाडीत बसायचं. आपल्याकडं १९४३ साली या कामासाठी वेगळी शाखाच उभी राहिली, ती आजची ईएमई. युद्धानंतर फ्रेंच सैन्यानं अमेरिकन जीएमसी ट्रक वर्षानुवर्षं वापरले. त्यांच्या कारखान्यात गाड्या पार सुट्या होत आणि हाताला येईल त्या भागांतून पुन्हा उभ्या राहत. मामांच्या हाती आलं ते पेट्रोल इंजिन तरी ओशावाहूनच आलेलं होतं, याला पुरावा काय?

पुरावा म्हटलं की माझ्यातला बँकवाला जागा होतो. मी मामीकडून गाडीचं पुस्तक मागून घेतलं. पत्र्याच्या पेटीत, मामांच्या टोपीखाली होतं. वर मुंबई राज्याचं नाव. आत इंजिन नंबराच्या रकान्यात पहिला नंबर तांबड्या शाईनं खोडलेला आणि वर दुसरा लिहिलेला; १९६१ ची तारीख, सही, शिक्का. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं गेली चौसष्ट वर्षं पर्किन्स हेच या गाडीचं इंजिन आहे.

ती तांबडी रेघ बघून मला एक जुनं प्रकरण आठवलं. १९८७ साली मी एका तालुक्याच्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. एक निवृत्त जवान कर्जासाठी आला. लष्कराच्या लिलावात त्यानं जोंगा घेतली होती. निस्सानच्या नमुन्यावर जबलपूरला बनणारी ही गाडी. आत चार लिटरचं पेट्रोल इंजिन. दणकट, पण पेट्रोल असं पिते की सरकारलाच परवडावं. लिलावात घेणारा प्रत्येक जण पहिलं काम इंजिन बदलायचं करी. यानंही जुनं डिझेल बसवलं होतं. डोंगरातल्या वाड्यांवरून दूध गोळा करायचा त्याचा बेत होता. मी नियमाप्रमाणं गाडीवर कागद धरून पेन्सिल घासली आणि नंबराचा छाप घेतला. चेसी नंबर जुळला, इंजिन नंबर जुळेना. त्यानं आरटीओकडं अर्ज केला होता, नोंद व्हायची होती. मी फाइलवर लिहिलं, 'वाहनाची ओळख पटत नाही.' मराठीत लिहिलं, आणि ते वाक्य जमलं म्हणून मला बरंही वाटलं.

त्यानं सावकाराकडून पैसे उचलले. पुढच्या वर्षी जोंगा सावकाराच्या दारात होती. नोंद झालेलं पुस्तक तोवर त्याच्या हाती आलेलं होतं. महिनाभर थांबून पुन्हा या, एवढंच मला म्हणता आलं असतं. ते मी म्हणालो नाही.

तर ओळख. सध्याचा कायदा या बाबतीत काय म्हणतो, तेही पाहिलं. जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये शुल्क, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला न्यावी, तेल भरायला, दुरुस्तीला न्यावी. रोजच्या वापराला, धंद्याला नाही. आणि अट अशी, की चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. मामेभाऊ हे वाचून खूश झाला होता. "बघ, सरकारसुद्धा ओरिजनलच मागतं." मी त्याला पुढची ओळ दाखवली. हे नियम खासगी, बिगरव्यापारी वाहनांना आहेत. आपली 'मिलिटरी' मालवाहू म्हणून नोंदलेली. पेट्रोल इंजिन बसवूनही ती या दारातून आत जाताना अडणार. आणि पुस्तकात पुन्हा एक तांबडी रेघ मारून घ्यायची ती वेगळीच.

आणखी एक गंमत. मूळ इंजिन आणलं तरी मूळ पेट्रोल कुठून आणणार? आज पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. जुन्या कार्ब्युरेटरचे बुचाचे गॅस्केट, रबरी नळ्या यांना ते मानवत नाही. म्हणजे इंजिन मूळ ठेवायचं तर त्याचं आतडं बदलायचं! मामेभावाची मुलगी पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. तिनं हे सगळं ऐकून सुचवलं, "बॅटरी आणि मोटर टाका की सरळ. इंग्लंडमध्ये जुन्या लँडरोव्हरला टाकतात." तिच्या बापानं तिला चहा करायला पाठवलं. मला ती सूचना एवढी वाईट वाटली नाही. १९६१ साली मामांनी हेच केलं होतं. त्या दिवशी जे सगळ्यांत परवडणारं, ते टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं मत सांगितलं. शक्यतो अप्रिय गोष्टी सकाळीच सांगाव्यात, ही बँकेतली सवय. म्हटलं, पेट्रोलचं इंजिन सोडू नकोस. विकत घे, तेल लावून, झाकून शेडमध्ये ठेव. पण ते गाडीत बसवू नकोस. ही गाडी युद्धात होती तीन वर्षं, फार तर. मामांकडं राबली चोवीस वर्षं, त्यांतली अठरा पर्किन्सवर. तू १९४३ ची गाडी उभी करशील, पण त्यासाठी १९६१ ते १९७९ पुसावं लागेल. कापलेला पत्रा जोडलास की तिथं मिस्त्रीनं छिन्नीनं काढलेली ती वाकडी रेघही गेली. आणि आता नवं काही कापू नको, नवं काही वेल्ड करू नको. पुढं तुझ्या नातवाला वाटलं तर त्याला पेट्रोलचं बसवता आलं पाहिजे.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तू कादंबरीवाला आहेस. तुला गोष्ट हवी. मला गाडी हवी." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. युद्धात जी पोरं बैल सोडून थेट या गाड्यांच्या स्टेअरिंगवर बसली आणि आसामात मेली, त्यांची म्हणावी अशी गाडी आपल्याकडं कितीशी आहे? त्यांच्या बाजूनं बोलणारं त्या अंगणात कुणी असेल तर मामेभाऊच होता, मी नव्हे.

शेवटी असं ठरलं, की आधी पर्किन्स फिरतंय का बघायचं. फिरलंच नाही तर वादच मिटला. मला वाटतं, आम्ही दोघंही मनातून ते न फिरण्याचीच वाट बघत होतो.

जुन्या मिस्त्रीचा मुलगा आला. तोही आता सत्तरीचा. नोझल काढून सिलिंडरांत डिझेल ओतलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. पंप उतरवून नगरला साफ करून आणला. टाकी सोडून दिली आणि बाहेर एक कॅन टांगला. मी पुन्हा गेलो तो रविवार होता. पाईपातली हवा काढण्यात तास गेला. दोन नव्या बॅटऱ्या लावल्या. पर्किन्सला थंडीत सुरू व्हायचा कंटाळा, तो तेव्हाही होता. मिस्त्रीनं काठीला चिंध्यांचा बोळा बांधला, डिझेलमध्ये बुडवून पेटवला आणि हवेच्या तोंडाशी धरला. "मारा."

पहिल्यांदा नुसतं कण्हलं. दुसऱ्यांदा पांढरा धूर. चिंचेवरचे कावळे उडाले. पाचव्या-सहाव्या वेळी एक सिलिंडर बोललं, मग दोन, मग ठेच लागल्यासारखं चार, आणि एकदम सगळी. पत्रे थडथडायला लागले. उलट्या काचेच्या कोपऱ्यातलं रिकामं घरटं खाली पडलं. मामेभाऊ पायरीवर उभा होता. त्यानं एक हात बॉनेटवर ठेवला होता आणि तो काढत नव्हता.

मागच्या दारातून मामी आली. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, काठी घरातच विसरून आली. भिंतीला धरून उंबऱ्यापाशी थांबली, थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिथूनच लेकाला ओरडली, "अरे, रेडिएटरात पाणी घातलं का नाही?"

नव्हतं घातलं. मामेभाऊ बादली घेऊन आडाकडं पळाला.